तयार तळलेली मासळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण-वेंगुर्ल्यापासून हर्णै-अलिबागपर्यंत आता घराघरांतून तळलेल्या मासळीच्या ऑर्डरी घेतल्या जातात. कुणी खाणावळ चालवतं, कुणी बचत गटातून सुक्या बोंबलाची पाकिटं विकतं, कुणी मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांना डबे बांधून देतं. या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. आधीच सांगते, बहुतेक उत्तरं पाण्यापाशी येऊन थांबतात. माशातलं पाणी किती, ते किती वेगाने बाहेर पडतंय आणि नंतर कुठे जातंय एवढं कळलं, की मसाला, रवा आणि तेल यांवरचे निम्मे वाद मिटतात.

तेल नेमकं किती तापवायचं?

कढईत बुडवून तळायचं असेल तर १७५ ते १८५ अंश सेल्सिअस. जाड सुरमईच्या तुकडीला खालचा आकडा धरा, मांदेलीसारख्या बारक्या मासळीला वरचा.

मासा तेलात पडला की पृष्ठभागावरच्या पाण्याची लगेच वाफ होते. आपल्याला दिसतात ते बुडबुडे म्हणजे हीच वाफ. ती जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाट मिळत नाही. पृष्ठभाग कोरडा पडला की तिथलं तापमान शंभराच्या वर चढू लागतं आणि १४० च्या पुढे गेलं की तांबूस रंग आणि खमंग वास धरतो. प्रथिनं आणि शर्करा यांच्यातल्या या प्रक्रियेला मेलार्ड अभिक्रिया म्हणतात. ओल्या पृष्ठभागावर ती होतच नाही, कारण पाणी असेपर्यंत तापमान शंभरापाशी अडून राहतं. तुकडीच्या गाभ्यात मात्र पाणी शिल्लक असतं, त्यामुळे तो स्वतःच्याच ओलाव्यावर शिजतो. चांगला तळलेला मासा बाहेरून भाजलेला आणि आतून वाफवलेला असतो तो असा.

तेल १५० च्या आसपास असलं तर वाफेला जोर नसतो. रवा भिजून फुगतो, पृष्ठभाग उशिरा कोरडा होतो आणि रंग येईपर्यंत आतला मासा सुकून जातो. दोनशेच्या वर गेलं तर बाहेरून करपतो आणि काट्यालगत कच्चा राहतो. शिवाय तेलाची वाट लागते ती वेगळीच.

थंड मासा टाकल्यावर तेल २०-३० अंशांनी सहज उतरतं, हेही लक्षात ठेवा. एका वेळी जितकी मासळी टाकाल तिच्या वजनाच्या सहापट तरी तेल हवं. म्हणजे किलोभर तेलात दीडशे ग्रॅमच्या आसपास, दोन मध्यम तुकड्या. दुपारी एकच्या गर्दीत खाणावळीत हे पाळणं जड जातं, मान्य. पण ‘आज मासा तेल पितोय’ ही ओरडही नेमकी त्याच वेळेला ऐकू येते.

थर्मामीटर नसेल तर?

रव्याची चिमूट टाकून पाहा. तळाला जाऊन बसली तर थांबा. खाली जाऊन लगेच फेसाळत वर आली तर तेल तयार आहे. टाकताक्षणी तांबडी झाली तर गॅस बारीक करा आणि मिनिटभर थांबा.

त्यानंतरचं काम कानाचं. मासा पडला की आवाज भरदार असतो, बुडबुडे मोठे आणि घाईचे. थोड्या वेळाने बुडबुडे बारीक आणि विरळ होतात, चरचर पातळ होते. आवाज असा उतरला की आवरणातलं पाणी संपत आलं असं समजावं. यापुढे कढईत ठेवलेला प्रत्येक क्षण माशाच्या आतलं पाणी काढतो. जुन्या बायका पाठमोऱ्या उभ्या राहून भाकरी थापतात आणि तरी बरोबर वेळेला मासा उलटतात, ते या आवाजावरून.

पण धंदा करत असाल तर डिजिटल थर्मामीटर घ्या. तो महाग नाही, आणि रोजची मासळी सारखी उतरायची असेल तर अंदाजावर भागत नाही.

मासा आतून कोरडा आणि चिवट होतो. मंद आचेवर तळू का?

मंद आचेवर आणखी कोरडा होईल.

मटणाच्या मानाने माशात तंतू बांधून ठेवणारं ऊतक फार कमी असतं, आणि जे असतं ते पन्नास-साठ अंशांतच विरघळू लागतं. म्हणून शिजलेला मासा पापुद्र्यांनी सुटतो. माशाची प्रथिनं चाळीसच्या पुढे गोठायला लागतात आणि ६५ च्या पुढे आकसून पाणी पिळून बाहेर टाकतात. या दोन आकड्यांच्या मधली जागा अरुंद आहे. गाभा ६३ अंशांपर्यंत पोचला की मासा शिजला आणि खायला सुरक्षित झाला. पुढे तळत राहिलात तर आधी रस जातो आणि मग तंतू घट्ट होतात.

दीड सेंटिमीटर जाडीची सुरमईची तुकडी १८० अंशांच्या तेलात तीन ते चार मिनिटांत होते. काट्याजवळ सुरीचं टोक घालून पाहा. मांस काट्यापासून सहज सुटलं आणि काचेसारखं दिसायचं थांबून दुधी झालं, तर बाहेर काढा. काढल्यावरही आतली उष्णता मिनिटभर काम करत असते, म्हणून जराशी घाई केलेली परवडते.

तुकड्या सारख्या जाडीच्या कापून घ्या. शेपटीकडचे आणि पोटाकडचे तुकडे एकाच घाण्यात टाकले, तर एक तरी बिघडणारच.

रवा लावावा की तांदळाचं पीठ?

यावर घराघरांत मतभेद आहेत आणि बहुतेक जण आपापल्या आईच्या बाजूने बोलतात. मी मिश्रणाच्या बाजूची आहे, पण का ते सांगते.

रव्याचे कण जाड असतात. माशाला चिकटलेली बाजू ओल घेते आणि चिकटून बसते, तर बाहेरची बाजू जवळपास कोरडीच तेलात जाते. त्यामुळे वर खडबडीत थर होतो आणि दाताखाली कुरुम् वाजतो. तोटा हा, की कणांमधल्या फटींत तेल राहतं आणि सुटलेले कण कढईच्या तळाशी करपतात. तांदळाचं पीठ बारीक, त्यात ग्लूटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) नाही, आणि गव्हाच्या मानाने ते तेल कमी धरतं. त्याचा थर पातळ, कडक आणि गुळगुळीत होतो. नुसतं पीठ लावलं तर कधी कधी तो पापडासारखा सुटून येतो.

तीन वाट्या बारीक रव्याला एक वाटी तांदळाचं पीठ घेतलं तर पीठ फटी भरतं आणि रवा खरखर देतो. डब्यात जाणाऱ्या मासळीसाठी पिठाचं प्रमाण वाढवा, निम्मं-निम्मं केलं तरी चालेल. पातळ थर उशिरा मऊ पडतो. ताटात लगेच वाढायचा असेल तर रवाच जास्त चांगला. बेसन मला या कामाला आवडत नाही. त्याचा स्वतःचा वास पापलेटसारख्या सौम्य माशावर स्वार होतो.

रवा लावण्याआधी मसाला लावलेल्या तुकडीवर पाणी साचलेलं नसावं. निथळू द्या, मग रव्यात घोळवा, हलक्या हाताने दाबा, दोन-तीन मिनिटं ठेवा आणि तळा. तेवढ्या वेळात रवा ओल घेऊन धरतो. अर्ध्या तासापूर्वी घोळवून रचून ठेवलेल्या तुकड्यांचा मात्र चिखल होतो. जास्तीचा रवा झटकायला विसरू नका.

ओले बोंबील कुरकुरीत का होत नाहीत?

बोंबलात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. सुरमईत पंचाहत्तरच्या आसपास. एवढं पाणी तळून घालवायचं म्हटलं तर बोंबील उरणारच नाही. म्हणून ते कढईत जाण्याआधीच काढावं लागतं.

डोकं आणि पर काढा, पोटाकडून चीर देऊन पुस्तकासारखा उघडा, मधला काटा हवा तर काढून टाका. मीठ लावा. सुती फडक्यावर बोंबील ओळीने पसरा, वर दुसरं फडकं घाला, त्यावर पाट आणि पाटावर वरवंटा. अर्ध्या तासाने खालचं फडकं पिळलं तर धार लागते. बोंबील पातळ, रुंद आणि किंचित चिकट झालेला असतो, उचलला तर हातात लोंबत नाही. मीठ पाणी ओढतं आणि वजन ते बाहेर ढकलतं. दोन्ही हवेत, नुसत्या मिठाने इतक्या वेळात हे होत नाही.

दाबलेल्या बोंबलाला मसाला कोरडाच लावा. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घालायचंच असेल तर चमचाभर, दाबून झाल्यावर. आवरणात तांदळाचं पीठ जास्त, तेल १८५ च्या जवळ आणि एका वेळी दोन-तीनच. तळताना तो उगाच हलवू नका. खालची बाजू धरल्याशिवाय उलथण्याने उचललात तर मधोमध तुटतो.

बोंबील आतून मऊच राहणार, लोण्यासारखा. पातळ कडक कवच आणि आत विरघळणारं मांस, हीच त्याची मजा. आतूनही कडक हवा असेल तर सुका बोंबील घ्या.

बांगडा, तारली यांच्यासाठी काही वेगळं करावं लागतं का?

हो, दोन बाबतींत.

पहिली चवीची. या माशांत स्वतःची चरबी असते आणि हंगामाप्रमाणे ती कमीजास्त होते. चरबीमुळे मांस लवकर कोरडं पडत नाही, थोडं जास्त तळलं गेलं तरी निभावतं. कातडीखालची चरबी वितळून कातडी जवळजवळ स्वतःच्याच तेलात तळली जाते. म्हणून तव्यावरच्या बांगड्याला रव्याची गरज नसते असं माझं ठाम मत आहे. अंगावर तिरक्या चिरा मात्र हव्यात. त्यांतून वाफ निघते, मासा आकसून वाकत नाही आणि मसाला आत जातो.

दुसरी तेलाची. तळताना माशाची चरबी कढईतल्या तेलात उतरते आणि कढईतलं तेल माशात जातं. माशाची चरबी हवेने फार लवकर बिघडते. बांगडे तळलेलं तेल दुसऱ्या दिवशी उग्र वास मारतं ते यामुळे. त्या तेलात पापलेट तळलं तर पापलेटालाही बांगड्याचा वास येतो. खाणावळीत साधा क्रम ठेवा. आधी कोळंबी, मग पापलेट-सुरमई, आणि शेवटी बांगडा-तारली. जमलं तर यांची कढईच वेगळी.

आगळ, चिंच, लिंबू यांपैकी काय लावायचं आणि किती वेळ?

शिळेपणाकडे झुकलेल्या समुद्री माशाचा जो ‘हिवसा’ वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथिलअमाइन या द्रव्याचा. आंबट पदार्थ त्याला बांधून ठेवतात, मग ते हवेत उडत नाही आणि वास दबतो. या कामापुरते तिन्ही सारखेच. चव वेगळी. आगळाचा आंबटपणा तळल्यावरही टिकतो, लिंबाचा सुगंध उष्णतेने उडून जातो, म्हणून लिंबू वरून पिळायला ठेवावं.

वेळेचं म्हणाल तर जाड तुकडीला १५-२० मिनिटं पुरे, मांदेलीला दहासुद्धा जास्त. आंबट पदार्थ पृष्ठभागाची प्रथिनं तळण्याआधीच गोठवतो. रात्रभर ठेवलेला मासा बाहेरून खडूसारखा भुसभुशीत होतो आणि आवरणही धरत नाही. आगळात मीठ असतं, तेव्हा वेगळं मीठ घालताना हात आखडता घ्या.

मालवणी मसाला काळा पडतो, कडवट लागतो.

मिरची, धणे आणि गरम मसाले आधीच भाजलेले असतात, त्यांना पुन्हा १८० अंश सोसवत नाहीत. आलं-लसणाच्या वाटणात साखर असते, तीही लवकर करपते. मसाला आवरणाच्या आत, माशाला लागून ठेवा. रव्यात मिसळू नका. रव्यात फक्त मीठ, आणि रंगापुरती हळद. आतला मसाला ओलसर असतो आणि ओल असेतो तो शंभराच्या वर जात नाही, म्हणजे करपत नाही.

वाटण बारीक हवं. लसणाचे जाड तुकडे बाहेर डोकावले की तेच आधी जळतात. मसाल्याची सुगंधी द्रव्यं तेलात विरघळतात, त्यामुळे उघडा मसाला लावून कढईत तळलं तर निम्मी चव तेलाला जाते. उघडा मसाला तव्यावर शोभतो, तिथे ते थोडंसं तेल मासा खाताना ताटात येतंच.

तवा की कढई?

घरच्यासाठी बिडाचा तवा, विक्रीसाठी कढई.

तव्यावर उष्णता खालून, थेट धातूतून येते. जिथे टेकतो तिथे मासा जास्त भाजला जातो आणि कडेला वाफवला जातो. ही विषमताच चव देते. बिडाचा तवा जड असल्याने मासा टाकल्यावर एकदम थंड होत नाही. पण एका तव्यावर चार तुकड्या, प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं, हे गणित ऑर्डरींना पुरत नाही. कढईत सगळ्या बाजूंनी सारखी उष्णता मिळते आणि आवरण एकसारखं होतं. टिकवायच्या मालाला ते बरं, कारण एखादी ओली राहिलेली जागा सगळा तुकडा मऊ करते.

तेल कोणतं? खोबरेल चालेल का?

रिफाइंड शेंगदाणा किंवा राईस ब्रॅन चांगलं. दोन्ही २०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय धूर सोडत नाहीत. घाण्याचं खोबरेल साधारण १७५ च्या आसपास धुरकटायला लागतं, म्हणजे आपल्याला जिथे काम करायचं नेमकं तिथेच. तव्यावर मध्यम आचेला ते उत्तम आणि त्याची चव आपल्या मसाल्याला जुळते. खोलगट तळणीला टाळा. पामतेल टिकाऊ आहे आणि मोठ्या तळणीत सर्रास वापरतात, पण थंड झाल्यावर ते घट्ट होतं आणि गार मासा खाताना टाळूला चिकटतो.

एकच तेल किती वेळा वापरायचं?

‘तीन वेळा’ किंवा ‘पाच वेळा’ असं उत्तर लोकांना हवं असतं, पण ते तेलाने किती तास किती ताप सोसला यावर आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तळणीच्या तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. हे मोजणारं हातातलं यंत्र मिळतं, चार-पाच जणींनी मिळून एक घेतलं तरी पुरेल.

यंत्र नसेल तर लक्षणं पाहा. मासा टाकल्यावर फेस वर चढतो आणि खाली बसत नाही, रंग काळसर, तेल काकवीसारखं दाट, कमी आचेवरच धूर. यातलं एक जरी दिसलं तरी ते तेल टाकून द्या.

चवीच्या दृष्टीने नवंकोरं तेल सर्वांत चांगलं नसतं, हे अनुभवी आचारी सांगतात आणि ते खरं आहे. एक-दोन घाणे झालेल्या तेलात रंग अधिक छान येतो. जुनं झालं की मात्र तेच तेल माशाला जास्त चिकटून बसतं आणि आत शिरतं. प्रत्येक घाण्यानंतर तळाचा रवा झाऱ्याने काढा, दिवसाअखेर तेल गाळा. कढईतला करपलेला रवा काढायचा आळस हे तेल बिघडण्याचं आमच्याकडचं पहिलं कारण आहे.

तळल्यावर कागदावर काढायचं की जाळीवर?

जाळीवर. आणि कढईतून काढल्या काढल्या.

मासा तळताना तेल पितो अशी समजूत आहे, पण बहुतांश तेल तो बाहेर काढल्यावर पितो. कढईत असताना वाफ बाहेर येत असते, तेलाला आत यायला जागा नसते. बाहेर काढला की आवरण थंड व्हायला लागतं, छिद्रांतली वाफ पाण्यात बदलते, तिथे पोकळी होते आणि पृष्ठभागावर रेंगाळलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणजे पहिल्या अर्ध्या मिनिटात पृष्ठभागावरून जेवढं तेल निघून जाईल तेवढा मासा हलका. झाऱ्यावर तेलाच्या वरच धरा, दोन-तीनदा झटका, मग जाळीवर उभा किंवा तिरका ठेवा. तेल शेवटी थंड पडू देऊन मासा काढला, तर निथळायचं तेल दाट असतं आणि अंगावरच राहतं. म्हणून काढतानाही आच चालू हवी.

कागदाचा तोटा असा की खालची बाजू स्वतःच्याच वाफेत बसते. वरून कुरकुरीत आणि खालून लिबलिबीत, अशी तुकडी हमखास कागदावरची असते. कागदच असेल तर त्यावर पसरा, एकावर एक रचू नका. वर्तमानपत्र अजिबात नको, त्याची शाई अन्नात उतरते.

मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांच्या डब्यात मासा मऊ पडतो. उपाय?

गरम मासा बंद डब्यात भरणं थांबवा. आतली वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन परत माशावर पडते. शिवाय गाभ्यातलं पाणी हळूहळू आवरणाकडे सरकतंच, ते थांबवता येत नाही, लांबवता येतं. पातळ तुकड्या, पिठाचं आवरण, नेहमीपेक्षा जरा कडक तळणी.

पण इथे कुरकुरीतपणापेक्षा मोठी गोष्ट सुरक्षितपणाची आहे. आपल्या हवेत तळलेला मासा दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू नये, मे महिन्यात त्याहूनही कमी. कोकण रेल्वेच्या रात्रभराच्या प्रवासाला द्यायचा असेल तर तळून, पंख्याखाली लवकर थंड करून, फ्रीजमध्ये चांगला गार करा आणि बर्फाच्या पेटीत पाठवा. ‘घरी गेल्यावर तव्यावर शेकून घ्या’ अशी चिठ्ठी लावा. गाडीत बसून कुरकुरीत मासा खायचा असेल तर सुका बोंबील न्यावा.

अर्धवट तळून, फ्रीझ करून विकता येईल का?

येईल. कारखान्यातले फिश फिंगर असेच होतात. १८०-२०० अंशांच्या तेलात साधारण अर्धा मिनिट तळतात, आवरण पक्कं होतं, आणि मग उणे १८ अंशांना गोठवतात.

दोन इशारे. अर्ध्या मिनिटाच्या तळणीने आतला मासा कच्चाच राहतो. हा माल ‘शिजवायला तयार’ आहे, ‘खायला तयार’ नाही, आणि पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे. दुसरं, घरच्या फ्रीझरमध्ये मासा सावकाश गोठतो, बर्फाचे कण मोठे होतात आणि तंतू फाडतात. वितळताना पाणी सुटतं आणि आवरण गळून पडतं. जलद गोठवणारा फ्रीझर आणि वीज गेली तरी चालणारी सोय नसेल तर या वाटेला जाऊ नका. ग्राहकाला सांगा, न वितळवता थेट तेलात सोडा, आच थोडी कमी ठेवा.

सुक्या बोंबलाची कुरकुरीत पाकिटं महिनाभर टिकवायची आहेत.

सुक्या बोंबलात पाणी थोडंच असतं, त्यामुळे वाफेचं संरक्षण नसतं. ओल्या माशासारखं १८० वर टाकलात तर डोळ्यांदेखत करपतो. १६० च्या आसपास, काही सेकंद, रंग फिकट सोनेरी असतानाच बाहेर. तो काढल्यावरही गडद होतो. धुतला असेल तर पुन्हा कडकडीत वाळवूनच तळा.

कुरकुरीतपणा टिकायला माशातलं मोकळं पाणी फार कमी लागतं. त्याचं माप म्हणजे जलक्रियाशीलता. शुद्ध पाण्याची १ धरतात. जंतूंच्या बाबतीत ०.८५ च्या खाली बरीचशी काळजी मिटते, पण कुरकुरीत लागायला ती ०.४ च्या आसपास हवी. आपल्या पावसाळी हवेत उघडं ठेवलेलं ताट बघता बघता सादळतं. म्हणून जुलैत पॅकिंग करायचं तर बंद, कोरड्या खोलीत, आणि माल पूर्ण गार झाल्यावर लगेच.

दुसरा शत्रू खवटपणा. माशाची चरबी आणि तळणीचं तेल दोन्ही हवा आणि उजेडाने बिघडतात. पारदर्शक पिशवीत माल सुंदर दिसतो आणि लवकर खवट होतो. ॲल्युमिनियमचा थर असलेली पिशवी घ्या, जमल्यास नायट्रोजन भरून. तेल ताजं वापरा. जुन्या तेलात तळलेलं पाकीट जन्मतःच अर्धं म्हातारं असतं.

रस्स्यातल्या तयार माशाच्या पाकिटांत मासा आधी तळतात, ते का?

ती पाकिटं भरून, बंद करून दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवतात, म्हणजे हवेशिवाय वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणूही मरतात. याला रिटॉर्ट म्हणतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने यावर बरंच काम केलं आहे. एवढ्या तापात कच्चा मासा पाणी सोडून रस्सा पातळ करतो आणि स्वतःचा भुगा होतो. आधी तळला तर पाणी कमी होतं, पृष्ठभाग घट्ट होतो, तुकडी अखंड राहते आणि रस्स्यात खमंग चव उतरते. कुरकुरीतपणाची अपेक्षा इथे करूच नये.

घरी कुकरमध्ये शिजवून बाटलीत भरलेला मासा याच्या जवळपासही येत नाही. तो बाहेर ठेवून विकू नका. प्रक्रिया शिकायचीच असेल तर रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चौकशी करा.

एअर फ्रायर चालतो का?

मांदेली, कोळंबी आणि आधी अर्धवट तळलेला माल यांना चालतो. गरम हवा तेलापेक्षा खूप सावकाश उष्णता देते, म्हणून कोरडा रवा पांढराच राहतो. आवरणाला ब्रशने तेल लावा, २०० अंश ठेवा. जाड तुकडी त्यात वाळते. चव वाईट नसते, वेगळी असते.

मासा थोडा नरम पडलाय. मसाला लावून तळला तर चालेल ना?

नाही. विशेषतः बांगडा, तारली, सुरमई आणि कुपा. हे मासे उन्हात किंवा बर्फाविना राहिले की जंतू त्यांत हिस्टामिन तयार करतात. ते एकदा तयार झालं की तळून, शिजवून, गोठवून जात नाही, आणि वासावरून कळेलच असंही नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. लोक त्याला मासळीची ॲलर्जी समजतात. उपाय एकच. होडीपासून कढईपर्यंत मासा चार अंशांच्या खाली, बर्फात.

तसाही नरम मासा तळून चांगला होत नाही. त्याचे तंतू पाणी धरून ठेवत नाहीत, आवरणाखाली पाणी सुटतं, रवा सुटा होतो. तेल उडायला लागलं की समजा.

जून-जुलैत फ्रोझन मासाच मिळतो. त्याचं काय करायचं?

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्यामुळे तेव्हाची सुरमई बहुधा गोठवलेलीच. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, जाळीवर ठेवून वितळवा, म्हणजे सुटलेलं पाणी खाली जाईल. पाण्याखाली धरून घाई करू नका. मग फडक्याने टिपून कोरडी करा, किलोला १५ ग्रॅमच्या हिशेबाने मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा टिपा. मिठाने पृष्ठभागाची प्रथिनं चिकट होतात आणि आवरण घट्ट बसतं. तुकड्या पातळ कापलेल्या बऱ्या.

उरलेला तळलेला मासा पुन्हा गरम कसा करायचा?

मायक्रोवेव्हमध्ये नको, तो आतलं पाणी तापवून बाहेर आवरणात ढकलतो. बिडाचा तवा मध्यम आचेवर तापवा, तेल न घालता तुकडी ठेवा, झाकण न घालता प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटं. माशात तेल आहेच, तेवढं पुरतं. बांगड्याला मात्र दुसऱ्या दिवशी शिळी, खवटसर चव येतेच. तो गरम करण्यापेक्षा काटे काढून कुस्करा आणि कांदा, ओलं खोबरं, कोथिंबीर घालून भाकरीबरोबर खा.